उभा धागा, आडवा धागा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होत आले. मध्ये माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सुई, पुस्तक, फोन तिन्हींवर बंदी घातली. नुसती पडून होते, आणि पडल्या पडल्या तुझ्याच प्रश्नाला उत्तर देत होते. ते सगळं आता कागदावर उतरणार, म्हणून हे पत्र लांबणार आहे. निवांत वेळ काढून वाच.

तू लिहितेस की दिवसभर कंपनीत चादरी-पडद्यांची डिझाइनं करायची आणि रात्री कॅनव्हाससमोर बसायचं, यात तू कुठलीच राहिली नाहीस. चित्रकार मित्र तुझी चित्रं बघून "जरा डेकोरेटिव्ह वाटतात" म्हणतात आणि ऑफिसात साहेब म्हणतात, "फार ॲबस्ट्रॅक्ट होतंय, खपणार नाही." मग तू मला विचारलंस, "बाई, यातलं एक सोडू का?"

तुला एका बाईबद्दल सांगते. सोफी टॉयबर-आर्प. नाव ऐकलं असशील. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकात दादा चळवळीच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ कलेची टर उडवणाऱ्या कलावंतांच्या चळवळीच्या पानावर, नवऱ्याच्या नावाला चिकटून, दीड ओळीत ती येते. माझ्या विद्यार्थिदशेत तर तीही ओळ नव्हती. मला ती भेटली चाळिशीत, एका जुन्या छापील फोटोतून, आणि तेव्हापासून माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे.

तिचा जन्म १८८९चा, स्वित्झर्लंडमधल्या दावोसचा. वडील औषधांच्या दुकानदारीतले. ही दोन वर्षांची असताना ते क्षयाने गेले. आईने मुलांना घेऊन आपेन्झेल भागातलं ट्रोगेन गाठलं आणि तिथे पाहुण्यांना पैसे घेऊन राहायला-जेवायला ठेवायचं घर चालवलं. शिवणटिपण मुलगी आईकडून शिकली. हा सगळा मुलूख भरतकामाचा आणि लेसचा. जवळचं सांक्ट गालेन शहर त्या धंद्यावर उभं होतं, आणि तिथल्याच शाळेत तिचं कापडाचं शिक्षण सुरू झालं. म्हणजे बघ, तिच्यासाठी सुईदोरा हा छंद नव्हता. आजूबाजूला त्याच्यावर चुली पेटत होत्या.

पुढे ती म्युनिकला गेली. इथे जरा थांबते, कारण हे कळलं तेव्हा मला राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. म्युनिकच्या ललित कलांच्या अकादमीत तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता. तो मिळाला थेट १९२०च्या सुमारास. मग मुली कुठे जायच्या? उपयोजित कलेच्या, म्हणजे वापरातल्या वस्तू घडवायच्या कलेच्या, शाळांत. सोफी गेली ती हेरमान ओब्रिस्ट आणि विल्हेल्म फॉन डेबशित्स यांनी काढलेल्या खासगी शाळेत. त्या शाळेच्या नावातच 'उपयोजित आणि मुक्त कला' असं दोन्ही होतं. तिथे ती विणकामाबरोबर लाकूडकामही शिकली, लेथवर लाकूड कातायला शिकली. मध्ये एक वर्ष हाम्बुर्गच्या शाळेत काढलं. तर, "बायकांचा कल मुळातच कापडाकडे" असं कोणी शहाण्या चेहऱ्याने सांगू लागलं की त्या बंद दाराची तारीख सांगायची. पुढे जर्मनीतल्या बाउहाउससारख्या पुढारलेल्या कलाशाळेतही हेच झालं. तिथल्या ॲनी आल्बर्स या विद्यार्थिनीला काचकाम करायचं होतं, तिला विणकामाच्या खोलीत पाठवलं. तिने त्या खोलीचं सोनं केलं ही गोष्ट वेगळी.

महायुद्ध सुरू झालं आणि सोफी मायदेशी परतली, झुरिचला. १९१५ मध्ये एका प्रदर्शनात तिची हान्स आर्प या कलावंत-कवीशी गाठ पडली; पुढे तोच तिचा नवरा झाला. त्या प्रदर्शनात चित्रांच्या जोडीला भरतकामही टांगलेलं होतं. मला हे फार आवडतं. त्यांची ओळखच सुईदोऱ्याच्या साक्षीने झाली.

आता मुद्द्याचं. अमूर्त कला कशी जन्मली ही गोष्ट आपल्याला कशी शिकवतात ते आठव. चित्रकार झाड बघतो, फांद्या काढतो, पुढच्या चित्रात थोड्या कमी करतो, त्याच्या पुढच्या चित्रात आणखी कमी, आणि शेवटी उभ्या-आडव्या रेघा उरतात. मोंद्रियान या डच चित्रकाराचा प्रवास बराचसा असाच आहे आणि तो थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सोफीच्या १९१५-१६च्या उभ्या-आडव्या रचना बघ. रंगीत पेन्सिलीतल्या, ग्वाश या दाट जलरंगातल्या, लोकरीच्या टाक्यांतल्या. त्यांच्यामागे झाड नाही. तिला काही गाळावं लागलंच नाही. कापडात उभा धागा आहे, आडवा धागा आहे, त्यांच्यात चौकोनी घर आहे. त्या घरात एक रंग. शेजारच्या घरात दुसरा. चौकट तिच्या हाताखाली आधीपासून पसरलेली होती. तिने फक्त त्या कापडाला फुलं-पानं-हरणं दाखवायची सक्ती केली नाही.

हे मला वाचून कळलं नाही, करून कळलं. तिच्या एका रचनेचा फोटो समोर ठेवून मी ती मॅटीवर क्रॉसस्टिचने उतरवायला घेतली. घरं मोजली, ग्राफपेपरवर मांडली, लोकर निवडली. तीन संध्याकाळी झकास गेल्या. चौथ्या दिवशी खालचा लाल आयत आणि त्याच्या शेजारचा राखाडी पट्टा यांच्यात एका टाक्याची फट राहिली. कुठेतरी वर मोजणी चुकली होती. शोधत शोधत वर गेले तर चूक तिसऱ्याच ओळीत. सगळं उसवलं. उसवताना लक्षात आलं की फोटोत मला जी रचना दोन्ही बाजूंनी सारखी वाटत होती, ती सारखी नव्हतीच. डावीकडचा पट्टा सहा घरांचा, उजवीकडचा सात. मी डोळ्यांनी गृहीत धरलं होतं, हाताने मोजलं नव्हतं. तो एक जास्तीचा टाका सगळ्या चित्राला किंचित झुकवत होता, जिवंत ठेवत होता. ब्रशने ही गोष्ट मला आयुष्यात कळली नसती, कारण ब्रश माफ करतो. एखाद्या केसाएवढं इकडे-तिकडे झालं तर रंग सावरून घेतो. सुई अर्ध्या घराची भाषा बोलत नाही.

तुझे मित्र ज्याला 'डेकोरेटिव्ह' म्हणतात ते नक्की काय आहे ते एकदा तपासून बघ. तुझ्या निळ्या मालिकेतल्या चित्रांत आकार एकसारख्या अंतराने येतात, ही तुझ्या चादरींच्या रिपीटची, म्हणजे तोच नमुना पुन्हा पुन्हा छापायची सवय आहे. ती लपवायला तू मध्येच एखादा ओघळ सोडतेस, ब्रश झटकतेस. मला विचारशील तर तो ओघळ खोटा आहे. रिपीट खरा आहे. तोच आणखी नेटाने कर, आणि सातव्या ठिकाणी तो का मोडावासा वाटतो ते बघ.

सोफीकडे परत येते. १९१६ मध्ये ती झुरिचच्या उपयोजित कलेच्या शाळेत शिकवायला लागली, कापडावरचं डिझाइन, भरतकाम, विणकाम. ही नोकरी तिने १९२९पर्यंत केली. तेरा वर्षं. त्यातली बरीच वर्षं घर तिच्या पगारावर चाललं. आर्प तेव्हा कविता करत होता, लाकडाची रिलीफं, म्हणजे उठावाची शिल्पं करत होता, इतिहास घडवत होता. इतिहास घडवणाऱ्यालाही रात्री जेवायचं असतं.

आणि त्याच काळात ही बाई रुडॉल्फ फॉन लाबानच्या नृत्यशाळेत शिकत होती आणि दादावाल्यांच्या मैफलींत नाचत होती. १९१७ मध्ये झुरिचला दादा गॅलरी उघडली तेव्हा मार्सेल यान्कोने केलेला मुखवटा घालून, हुगो बाल या दादा कवीच्या ध्वनिकवितांवर, म्हणजे अर्थ सोडून नुसत्या आवाजांच्या कवितांवर, ती नाचली. नोकरी सरकारी शिस्तीची, वरिष्ठांना ही मंडळी रुचणारी नव्हती. मुखवट्याचा तिला तोही उपयोग झाला असं सांगतात. सकाळी मुलींना टाके शिकवायचे, संध्याकाळी पुठ्ठ्याच्या चेहऱ्यामागे कोनात हात वाकवून नाचायचं. तुला वाटतं की दुहेरी आयुष्याचा शोध तूच लावलास!

पण ते दुहेरी होतं का, हेच मला तुला विचारायचं आहे. १९१८ची तिची बाहुली-नाटकाची कामं बघ. झुरिचमध्ये नवं बाहुलीनाट्यगृह उघडत होतं आणि 'हरीणराजा' या जुन्या इटालियन नाटकाच्या नव्या रूपासाठी बाहुल्या आणि पडदे करायचं काम तिला मिळालं. नाटकाचा नवा अवतार मजेशीर होता, त्यात मनोविश्लेषणाच्या डॉक्टरांची टर उडवली होती. एकाचं नाव फ्रॉइड ॲनालिटिकस. सोफीने बाहुल्या केल्या त्या लेथवर कातलेल्या लाकडाच्या. शंकू, नळकांडी, गोळे. एरवी बाहुली करणारा सांधे लपवतो. कपडे चढवतो, केस लावतो, म्हणजे बाहुली माणसासारखी दिसावी. हिने सांधे उघडे ठेवले. कडी कुठे अडकवली आहे ते प्रेक्षकाला दिसतं. पहारेकऱ्यांची बाहुली तर अफाट आहे. चंदेरी रंगाची, एकाच धडाला कितीतरी पाय आणि तलवारी घेतलेले कितीतरी हात. अख्खी फौज एका लाकडात.

आता सांग, हे काय आहे? शिल्प? कातारकाम? नेपथ्य? नृत्य? यातलं एक नाव घेतलं की बाकीची तीन रुसतात. लेथ तिला म्युनिकमध्ये मिळाला, अवयवांची कोनातली हालचाल लाबानकडे मिळाली, रंगांचे पट्टे कापडातून आले. या बाहुल्या ज्या हाताने केल्या त्या हाताला आपण चित्रकाराचा आहोत की कारागिराचा हे विचारायला सवड झाली नसावी. नाटकाचे जेमतेम तीन प्रयोग झाले. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने थिएटर बंद पडलं. एवढ्या कामाला तीन प्रयोग! तुझं एक डिझाइन सीझनअखेर मागे पडलं म्हणून तू मला दोन पानं लिहिलीस, त्याची आठवण झाली. हसून घे.

त्याच सुमाराला तिने लाकडाची डोकी केली, लेथवर कातलेली, वर तेलरंगात भौमितिक चेहरे. टोपी ठेवायच्या ठोकळ्यासारखी दिसतात. दादा डोकी म्हणतात त्यांना. एका डोक्याआडून ती स्वतः अर्धा चेहरा लपवून बघते आहे, असा १९२०चा फोटो आहे. माझ्या भिंतीवरचा तो हाच. डोळा एक तिचा, एक लाकडाचा.

शिवाय मण्यांचे बटवे, माळा, उशांचे अभ्रे, टेबलावरचे रुमाल. बटव्यांबद्दल लिहायला लागले तर पत्र संपायचं नाही, पण एक सांगते. तिच्या बटव्यांतल्या आकारांशी तिच्या चित्रांतले आकार ताडून बघ. तोच आकार कागदावर सपाट आणि गप्प असतो. मण्यांत आला की त्याची कड दातेरी होते, प्रकाश पडला की चमकतो, आणि बटवा भरला की फुगतो. एक आयत फुगल्यावर काय होतं हा प्रश्न कॅनव्हासवर पडणारच नाही. मी 'उपयोजित' हा शब्द असा वाचते. आकाराला कामाला जुंपायचं. पिशवी व्हायला लावायचं, भिंत व्हायला लावायचं, आणि तो कुठे टिकतो, कुठे मोडतो ते बघायचं.

१९२२ मध्ये तिने शिक्षकांसाठी एक लेख लिहिला, नक्षीचं डिझाइन कसं शिकवावं याबद्दल. त्यात ती स्वतःलाच विचारते की या गुंतागुंतीच्या काळात, इतकी जास्त गरजेची कामं पडलेली असताना, नक्षी आणि रंगसंगती कशाला करत बसायचं? महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती, लक्षात घे. तिचं उत्तर असं की आपल्या वापरातल्या वस्तू सुंदर करण्याची ओढ माणसात फार खोल आणि फार जुनी आहे. मुलींनी ठरावीक नमुने गिरवत बसण्यापेक्षा स्वतःला प्रामाणिक राहून काही करावं, हा तिचा आग्रह होता. इतकी वर्षं शिकवल्यावर मला वाटतं, यातला दुसरा भाग शिकवता येत नाही. नमुना गिरवायची बंदी करता येते, एवढंच.

आता पैशांचं, कारण तुझ्या पत्राच्या चौथ्या पानावर खरी गोष्ट तीच होती. नोकरी सोडू का? सोफीने सोडली, १९२९ साली. पण कधी, कशाच्या जोरावर, ते बघ. १९२६च्या सुमाराला स्ट्रासबर्गमधल्या ओबेत नावाच्या जुन्या इमारतीचा एक मोठा भाग होर्न बंधूंनी घेतला होता. तिथे चहाघर, बार, नाचघर, सिनेमा असं सगळं उभारायचं होतं. काम आलं सोफीकडे. आवाका मोठा होता, म्हणून तिने आर्पला घेतलं आणि थेओ फॉन डूसबर्ग या डच कलावंताला बोलावलं. हा क्रम लक्षात ठेव. पुढे कित्येक पुस्तकांत ओबेत म्हणजे फॉन डूसबर्ग असं समीकरण झालं, आणि जिने त्याला बोलावलं ती तिसऱ्या नंबरावर गेली. फॉन डूसबर्गने सिनेमा-नाचाच्या दालनात तिरके रंगपट्टे मारून भिंती हलवून सोडल्या. आर्पकडे तळघरातला नाच. सोफीकडे चहाघर, बार, फॉयर-बार म्हणजे दालनांबाहेरच्या मोकळ्या जागेतला बार. तिचे चौकोन सरळ उभे राहतात, भांडत नाहीत. हातात कप घेऊन बसलेल्या माणसाभोवती ते शांत उभे असतात. खोलीत माणूस असणार आहे हे तिने धरलेलं आहे. फॉन डूसबर्गच्या दालनात मला कधी कधी वाटतं की माणूस हा जरा अडथळाच आहे. हे माझं मत, भांडायला तू मोकळी.

फेब्रुवारी १९२८ मध्ये ते उघडलं. लोकांना आवडलं नाही. गिऱ्हाइकांना ऊब हवी होती, गालिचे, दिव्यांची झुंबरं. मालकांनी हळूहळू बदल केले आणि दहा वर्षांत सगळं झाकलं गेलं. रंगांवर रंग, भिंतींवर भिंती. कॅनव्हास निदान माळ्यावर तरी पडून राहतो, खोलीला तेवढंही नशीब नसतं. अर्ध्या शतकानंतर खरवडायला सुरुवात झाली आणि आज पहिल्या मजल्यावरची दालनं, तिचा फॉयर-बार धरून, पुन्हा उभी आहेत. पण ते बघायला ती नव्हती.

त्या कामाच्या पैशातून मात्र पॅरिसजवळ क्लामारला घर झालं. घराचा आराखडा तिचा. आकार एकदम साधा, नवा, घनाकृती, पण भिंतींना त्या भागातल्या इतर घरांसारखाच खडबडीत दगड. आतलं फर्निचरही तिने आखलं. तर नोकरी तिने सोडली ती स्वतः आखलेल्या छपराखाली जाण्यासाठी. तेरा वर्षांच्या पगारानंतर आणि एका मोठ्या कामाच्या मोबदल्यानंतर. तुझी नोकरी तीन वर्षांची आहे आणि राहतेस भाड्याने. माझं उत्तर तुला कळलं असेल.

तरी एक कबूल करते. मी नोकरी फार लांबवली. ज्या संस्थेत शिकवत होते तिथे शेवटची सहा-सात वर्षं मी हजेरीपट आणि अहवालच भरत होते, आणि घरी आल्यावर माग झाकून ठेवलेला असायचा. धूळ बसू नये म्हणून टाकलेल्या चादरीवरच धूळ बसली होती. तेव्हा नोकरी धर म्हणते तेव्हा एवढं बघ: सकाळचं काम संध्याकाळच्या कामाला काही देतं आहे का? सोफीचं देत होतं. ज्या दिवशी तुझ्या ऑफिसातून घरी आणण्यासारखं काहीच उरणार नाही, एक रंगसुद्धा नाही, त्या दिवशी मला फोन कर. आपण बसून हिशेब मांडू.

आणि नावाचं बघ. सोफी नावाच्या बाबतीत हलगर्जी होती, असं मला वाटतं. बरीच कामं सही-तारखेविना. आर्पबरोबर १९१८ मध्ये कागदी कोलाज केली तेव्हा तर दोघांनी मुद्दाम कात्री टाळून कागद कापायचं यंत्र वापरलं, हाताची खूणच राहू नये म्हणून. कल्पना म्हणून उत्तम. पण खूण पुसली की ती बाईचीच आधी पुसली जाते. आर्पने स्वतः पुन्हा पुन्हा लिहिलं आहे की तिच्या त्या सुरुवातीच्या उभ्या-आडव्या रचनांनी त्यालाच वाट दाखवली. तरी ती कित्येक वर्षं 'आर्पची बायको' राहिली. ती गेल्यावर १९४८ मध्ये तिच्या कामाचा ग्रंथ निघाला, त्यातही झुकाव चित्रांकडे. बटवे-अभ्रे दाराबाहेर. त्यांना आत यायला आणखी कित्येक दशकं लागली. म्हणून सांगते, तुझ्या प्रत्येक सॅम्पलच्या मागे तारीख घाल. चादरीचं डिझाइन कंपनीच्या मालकीचं असेल, पण त्याची पहिली चिठोरी तुझी आहे. ती फाइलला लाव. चित्रांची फाइल आणि कापडाची फाइल वेगळी करू नकोस. एकच, तारखेप्रमाणे. पाच वर्षांनी उघडशील तेव्हा तुझं तुलाच दिसेल कुठलं काम कुठून आलं ते.

तिला बिचारी करणारेही आता पुष्कळ झालेत, त्यांच्या नादी लागू नकोस. ती अमूर्त कलावंतांच्या मंडळांत होती, एका कलाविषयक नियतकालिकाचं संपादन तिने केलं, १९२५च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनासाठी स्विस विभागाच्या निवड समितीवर होती. कामाची बाई होती. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा घर सोडून दक्षिण फ्रान्समध्ये ग्रासला आसरा घ्यावा लागला. रंग नाही, लोकर नाही, लेथ तर नाहीच. मग तिने कागदावर रेघा काढल्या. वळणावळणाच्या, एकमेकींना चुकवत जाणाऱ्या लांब रेघा. ज्या बाईने आयुष्यभर उभा-आडवा धागा मोजला, तिची रेघ कापडातून सुटून मोकळी झाली ती अशा दिवसांत. त्या रेघा बघताना मला नेहमी टोपलीतून घरंगळलेला लोकरीचा गुंडा दिसतो. हा माझा शिवणटिपणी डोळा असेल.

१९४२च्या अखेरीस ती झुरिचला परतली. जानेवारी १९४३ मध्ये एका रात्री माक्स बिल या कलावंत मित्राच्या घरी मुक्काम होता. खोलीतल्या शेगडीत बिघाड होता. कार्बन मोनॉक्साइडने ती झोपेतच गेली. तारीख १३ जानेवारी. चोपन्नावा वाढदिवस सहा दिवसांवर होता.

पुढे १९९५ मध्ये स्वित्झर्लंडने ५० फ्रँकच्या नोटेवर तिचा चेहरा छापला आणि मागच्या बाजूला तिची कामं. त्या मालिकेत सहा नोटा होत्या, बाकी पाचांवर पुरुष. वास्तुरचनाकार ल कोर्ब्यूझिए १० फ्रँकवर, ही ५० वर. मला त्यातलं मानाचं फारसं कौतुक नाही. मजा वाटते ती वेगळी. कुणाच्या तरी खिशात घडी पडलेली, भाजीवाल्याच्या गल्ल्यात कोंबलेली, हाताहातांतून मळलेली तिची रचना. याहून उपयोजित काय असणार?

आता तुला काम. एक आकार निवड, तुझ्या निळ्या मालिकेतलाच, तो वरून कापलेला अर्धगोल. तो आधी मॅटीवर कर, मोजून. मग तोच मण्यांत ओव, हाताच्या तळव्याएवढा पुरे. मग जाड पुठ्ठ्यात काप आणि उभा राहतो का बघ. उभा राहत नसेल तर काय बदलावं लागतं ते लिहून ठेव. ऑफिसातल्या रिपीटमध्ये टाक, साहेबांना न सांगता. हे सगळं झाल्यावर कॅनव्हासकडे जा. घाई नको, दोन महिने लागू देत. मध्ये "हे चित्र की डिझाइन" असं मनात आलं तर टाके मोजायला लाग, प्रश्न आपोआप मागे पडतो. माझा तरी पडतो.

डोळा आता बरा आहे. पुढच्या महिन्यात सुई धरायची परवानगी मिळेल असं दिसतं. तू येशील तेव्हा तो मॅटीचा तुकडा घेऊन ये. फ्रेम करून आणू नकोस. मला त्याची पाठ बघायची आहे, गाठी कुठे मारल्यास आणि दोरा एका रंगाकडून दुसऱ्याकडे कसा नेलास ते.

कळावे, लोभ असावा.

तुझ्या,
बाई